जिरेनियम वाढत नाहीये? खत नंतर, आधी मुळं बघा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलुंडच्या एका नर्सरीतून मी लाल जिरेनियमचं रोप आणलं. बुटकं, गुटगुटीत, वर फुलांचे दोन गुच्छ. फेब्रुवारी संपत आला तरी ते तेवढंच. मेलं नाही, पण वाढलंही नाही. खालचं एक पान पिवळं पडून गळायचं, वर एक नवं यायचं आणि ते आधीच्यापेक्षा लहान असायचं. या अडीच महिन्यांत मी त्याला काय काय पाजलं ते सांगायला लाज वाटते. कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, आणि शेवटी वैतागून मूठभर दाणेदार खत.

एका रविवारी पेपर पसरला, कुंडी आडवी केली, बुडावर दोन थापट्या मारल्या आणि झाड अख्खं बाहेर काढलं. मातीचा गोळा तळाशी चिखलासारखा ओला होता आणि त्याला गटारासारखा वास येत होता. जिवंत मुळं फक्त वरच्या दोन बोटांत. खालची तपकिरी. त्यातलं एक चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर बाहेरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली. मूळ सडल्याची ही अगदी खात्रीची खूण. चांगलं मूळ पांढुरकं असतं आणि ओढलं तर टचकन तुटतं.

म्हणजे झाड उपाशी नव्हतंच. ते गुदमरलं होतं, आणि मी त्याचं नाक दाबून तोंडात घास कोंबत होते.

मुंबईत कुंडीतलं जिरेनियम खुंटलं की बहुतेक घरांत हाच उलटा क्रम चालतो. आधी खत, मग औषध, मग दुसरं खत, आणि झाड गेल्यावर माती उकरून बघणं. क्रम सुलटा करायचा तर आधी मुळं, मग महिना कोणता चाललाय ते, मग ऊन, आणि खत सगळ्यात शेवटी.

नावापेक्षा गाव महत्त्वाचं

आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या वहीत जिरेनियम नाही, पेलार्गोनियम आहे. १७५३ मध्ये लिनियसने दोन्ही झाडं एकाच खात्यात टाकली होती. पुढे १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती वेगळी काढली. दोन्ही नावं ग्रीक आहेत. एक क्रौंच पक्ष्यावरून, दुसरं करकोच्यावरून, कारण दोघांचंही फळ लांब चोचीसारखं दिसतं. पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं. सीएसएमटी झालं तरी टॅक्सीवाल्याला आपण व्हीटीच सांगतो, तसंच हे.

कामाची गोष्ट अशी की कुंडीतल्या जिरेनियमचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेचे. खडकाळ उतार, पाणी पडलं की लगेच निथळून जाणारी जमीन, भरपूर ऊन आणि त्यामानाने गार रात्री. म्हणून त्याचं खोड जाड आणि गरदार असतं. त्यात ते पाण्याची बेगमी करून ठेवतं. पानांवर लव असते. अशा झाडाला आपण जिथे वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, अशा शहरात आणून ठेवतो. वर गुलाबाला घालावं तसं रोज तांब्याभर पाणी घालतो.

नर्सरीत साधारण तीन प्रकार मिळतात. पानावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा असलेलं उभं वाढणारं, आयव्हीसारख्या गुळगुळीत पानांचं लोंबतं, आणि ज्याची पानं चुरगाळली की गुलाबासारखा वास येतो ते. त्या तिसऱ्याचं तेल काढतात आणि शेतकरी त्याची लागवड करतात, पण तो विषय वेगळा. इथे मुख्यतः पहिल्याबद्दल बोलते, कारण मुंबईकर तेच जास्त आणतात आणि तेच जास्त मारतात.

वाफसा म्हणजे काय, आणि कुंडीत तो का येत नाही

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही वाफसा हा शब्द सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, अशी एक अवस्था येते. मातीच्या कणांमधल्या फटींत थोडं पाणी आणि थोडी हवा. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, बोटाने टोकलं तर फुटतो. मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात आणि त्यांना दोन्ही एकाच वेळी मिळतं ते फक्त वाफशावर. शेतात वाफसा आपोआप येतो, कारण पाण्याला खाली जायला अख्खी धरणी मोकळी असते. कुंडीला बूड असतं.

हे बूड काय करतं ते बघायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज लांबीत उभा धरा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, पण उंची वाढल्यावर वरच्या पाण्याचं वजन खाली पडलं आणि आणखी पाणी निघालं. तरीही तळाशी एक ओली पट्टी उरतेच. कुंडीतल्या मातीचं अगदी असंच असतं. भोकं कितीही असोत, तळाशी काही बोटांचा थर पाण्याने गच्च भरलेला राहतो. त्या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर नाही, मातीच्या बारीकपणावर ठरते. माती बारीक आणि चिकट असेल तर थर जाड. म्हणजे उथळ, पसरट कुंडीत अर्धी माती कायम गच्च, आणि उंच कुंडीत फक्त तळ.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालून निचरा होतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरतच नाही, माती पूर्ण भरली की मगच उतरतं. त्यामुळे खडी घातली की गच्च थर होता तेवढाच राहतो, फक्त मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवा, बस. दोन, लहान झाडाला मोठी कुंडी देणं ही माया नव्हे. मूठभर मुळांभोवती बादलीभर ओली माती असली तर ती माती प्यायला कुणीच नसतं. जिरेनियम थोडं दाटीवाटीत खुश असतं. नर्सरीतल्या रोपाला सहा इंची कुंडी पुरते, पुढच्या मोसमात आठ इंची. जमलं तर मातीची, कारण ती अंगातूनही पाणी सोडते.

मुंबईत याला आणखी एक कारण जोडलं जातं, आणि ते वनस्पतिशास्त्रातलं नाही, सोसायटीतलं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जानेवारीत वर आल्या. "अगं, तुझ्या कुंडीतून ठिबकतंय. माझे पोह्याचे पापड वाळत घातलेत खाली!" मी ओशाळून त्याच दिवशी प्रत्येक कुंडीखाली प्लास्टिकची बशी ठेवली. पापड वाचले आणि झाड बुडालं. बशीत साठलेलं पाणी कुंडी पुन्हा वर शोषून घेत राहिली आणि तळाला वाफसा म्हणून आलाच नाही. आता मी कुंड्या मोरीत नेऊन पाणी घालते, अर्धा तास निथळू देते आणि मग परत गॅलरीत ठेवते. चार कुंड्या आहेत, दहा मिनिटांचं काम. कुंड्या जड असतील तर बशीत बाटल्यांची तीन झाकणं ठेवून त्यावर कुंडी टेकवा, म्हणजे बूड पाण्याला लागत नाही. आणि बशी ओता, विसरू नका.

पाणी कधी घालायचं याचं उत्तर "रोज" नाही आणि "दोन दिवसांनी" हेही नाही. कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी घालून निथळल्यावर एकदा उचला आणि ते वजन हाताच्या लक्षात ठेवा. रोज उचलत जा. हलकी लागली आणि मातीत बोट दोन पेरं खुपसल्यावर कोरडं लागलं की मगच घाला, आणि घालताना भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. माझ्या सहा इंची कुंडीला जानेवारीत तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. एप्रिलच्या उन्हात एक दिवसाआड. वरवर घोटभर पाणी रोज घालणं सगळ्यात वाईट, कारण वरचा थर ओला दिसतो आणि आत काय चाललंय ते कळतच नाही.

नर्सरीची लाल माती हा आणखी एक फसवा प्रकार. काळ्या पिशवीतून रोप काढलं की चिकट लाल मातीचा विटेसारखा गोळा निघतो. आपण तो तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवतो. मग पाणी गोळ्याच्या बाजूबाजूने वाहून जातं. आत गोळा कोरडा खडखडीत राहतो, किंवा एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही. दोन्ही प्रकारांत मुळं गोळ्याबाहेर यायला तयार नसतात. काही रोपांच्या बुडाशी तर लहानपणीची जाळीची पिशवी तशीच असते. ती कात्रीने कापून काढायची. गोळा पाण्याच्या टोपात दहा मिनिटं बुडवून बोटांनी कडेची माती हलकेच सोडवायची. सगळी धुवून काढायची नाही, कडा मोकळ्या करायच्या एवढंच.

माझ्या सडक्या रोपाचं मी असं केलं. तपकिरी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली. मुळं कमी झाली म्हणून वरचा एक तृतीयांश भागही छाटला, फुलांचे गुच्छही काढले. एक भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) आणि दोन मुठी गांडूळखत असं मिश्रण करून पहिल्यापेक्षा लहान कुंडीत लावलं. परलाइट नसेल तर जाडसर रेती किंवा विटेचा बारीक चुरा चालतो, फक्त धूळ चाळून टाकायची. कोकोपीट धुवायचं कारण, नारळाच्या सोडणात मूळचे क्षार असतात. बादलीत भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदललं की काम होतं. मग आठवडाभर सावली आणि तीन आठवडे खत बंद. चौथ्या आठवड्यात खालच्या पेरांतून हरभऱ्याएवढे हिरवे डोळे फुटलेले दिसले.

एक गोष्ट नर्सरीच्या बाजूनेही सांगायला हवी. आणल्यावर महिनाभर रोप वाढलं नाही तर प्रत्येक वेळी आपलीच चूक असते असं नाही. व्यावसायिक पद्धतीने वाढवलेली रोपं बुटकी आणि भरगच्च दिसावीत म्हणून त्यांना वाढ रोखणारी औषधं देण्याची पद्धत आहे. त्यातलंच एक म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, कोकणात हापूसवाले ज्याला कल्टार म्हणतात ते. त्याचा अंमल काही आठवडे राहतो. मुळं पांढरी असतील तर अशा वेळी गप्प बसून वाट बघणं हाच उपाय.

कॅलेंडर बघा, विशेषतः रात्रीचं

मुळं चांगली निघाली तर पुढचा प्रश्न: महिना कोणता?

पान दिवसा उन्हात साखर तयार करतं. त्यातली काही साखर झाड स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी जाळतं, आणि हे जाळणं रात्रीही चालू असतं. उरेल त्यातून नवं पान, नवी फांदी, फूल. आता रात्र जितकी उकाड्याची, तितकी साखर जास्त जळते. डिसेंबर-जानेवारीत उपनगरात रात्रीचा पारा १७-१८ अंशांपर्यंत उतरतो आणि जिरेनियमला हे अगदी मानवतं. मे महिन्यात रात्रीही तो २७ च्या आसपास अडकलेला असतो. म्हणजे पगार झाला, पण सगळा भाड्यातच गेला. शिल्लक काही पडत नाही, मग वाढ कुठून होणार?

दिवसा ३२-३३ अंशांच्या वर गेलं की वाढ मंदावते, कळ्या उमलण्याआधीच सुकतात. काही जातींत तर नवी पानं फिकट, पांढुरकी येतात. हा रोग नव्हे. गारवा आला की पुढची पानं हिरवी येतात.

म्हणून मुंबईत जिरेनियमचा खरा मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं फुलझाडांचं प्रदर्शन भरतं तेही याच थंडीच्या दिवसांत. एप्रिल-मेमध्ये ते खुंटलं असेल तर त्याला खत घालू नका, कुंडी बदलू नका, छाटू नका. दुपारची सावली द्या आणि पाण्याचं भान ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यातही तेच. थंड हवेच्या गावांतल्या बागांचे सल्ले वाचून आपण मेमध्ये जिरेनियमवर उपचार करत बसतो, तिथे अर्धा गोंधळ होतो.

गॅलरीत ऊन येतं म्हणजे नक्की किती?

जिरेनियमला रोज चार ते सहा तास थेट ऊन लागतं. "आमच्याकडे भरपूर उजेड आहे" हे उत्तर नाही. उजेडात वाचता येतं, फुलं येत नाहीत. दोन पेरांमधलं अंतर लांबलं असेल, झाड ग्रिलच्या बाहेर मान काढत असेल, पानं मोठी पण लुळी असतील, तर ऊन कमी पडतंय.

यात एक गंमत आहे. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट हॉलपर्यंत येतं. पुढे तो वर वर सरकतो आणि मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत, दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत, दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे जी दक्षिणेची गॅलरी जानेवारीत सोन्यासारखी, तीच एप्रिलनंतर वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत. झाड त्याच जागी आहे, ऊन मात्र निघून गेलंय. पूर्वेच्या गॅलरीला हा फरक फार जाणवत नाही. सकाळचं तिरपं ऊन वर्षभर मिळतं आणि दुपारचा तडाखा चुकतो. जिरेनियमसाठी मुंबईत पूर्वेची खिडकी पहिल्या नंबरची.

मोजायचं कसं? रविवारी दर तासाला कुंडीवर हाताचा पंजा धरा. पानांवर बोटं मोजता येतील अशी ठळक सावली पडली तर तो तास ऊनाचा. नुसती अंधुक छाया पडली तर धरू नका.

आणि आसपास काय आहे तेही बघा. बॉक्स ग्रिलमध्ये शेजारच्या एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा थेट कुंडीवर येत असेल, तर ते रोप हेअर ड्रायरसमोर उभं आहे. समोर पुनर्विकासाचं काम चालू असेल तर आठवड्यात पानांवर सिमेंटचा पांढरा थर बसतो. तो सकाळी साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं वाळतात. अगदी समुद्रासमोर राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्यासाठी हाच उपाय.

पान कुठलं पिवळं पडलंय?

मुळं बरी, महिना बरा, ऊनही बरं, तरी पानं पिवळी. आता खताकडे यायला हरकत नाही. पण कोणतं पान पिवळं आहे हे आधी बघायचं, खालचं की वरचं.

काही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. नत्र आणि मॅग्नेशियम ही तशी. ती कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानांच्या ताटातलं काढून लेकरांना वाढतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. सबंध पान एकसारखं फिकट झालं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम कमी. पानाच्या हिरव्या रंगाच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, आणि जिरेनियमला ते जरा जास्तच लागतं. कोकोपीटमध्ये मुळातच पालाश भरपूर असतं आणि ते मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा असं दोन-तीनदा घाला. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होईलच असं नाही, नवी पानं कशी येतात ते बघायचं.

लोह मात्र एकदा एका पानात गेलं की तिथेच राहतं. म्हणून लोहाची कमतरता नव्या, शेंड्याच्या पानांत दिसते. इथेच घात होतो. खालची पानं पिवळी दिसली की आपण पुडीवरचा "हिरवेगारपणासाठी" हा मजकूर वाचून लोह असलेलं खत मारतो. जिरेनियम हे लोह ओढून घेण्यात फार पटाईत झाड आहे, आणि माती आंबट झाली की ते हावरटासारखं ओढतं. मग जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके येतात, कडा करपतात. लोक म्हणतात बुरशी, औषध मारतात. खरं तर ते लोहाचं अजीर्ण.

माती आंबट होते कशी? आपल्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पावसाचं पाणी. ते हलकं, त्यात चुना कमी, म्हणून मातीचा आंबटपणा मारायला त्याचा उपयोग नाही. रासायनिक खतांतलं अमोनियम माती हळूहळू आंबट करतं. जिरेनियमची मुळं स्वतःही भोवतालची माती आंबट करतात. शिवाय कोकणातली लाल जांभ्याची माती मुळातच आंबट आणि लोहाने भरलेली. सगळे एकाच बाजूला ओढणारे. या झाडाला सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (पीएच), ६ ते ६.५ लागतो. सामू कागदी पट्ट्यांनी घरीच तपासता येतो. कुंडीला पाणी घालून अर्ध्या तासाने वरून थोडं डिस्टिल्ड पाणी ओतायचं आणि भोकातून येणाऱ्या पहिल्या पाण्यात पट्टी बुडवायची. साडेपाचच्या खाली आलं तर शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट, चमचाभर मातीत मिसळा आणि दोन-तीन आठवडे थांबा. पानाचा चुना नको, तो फार जहाल. अंड्याची टरफलं विरघळायला इतका वेळ घेतात की तोवर झाड राहत नाही. ज्यांच्या सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं त्यांचं गणित उलटं असू शकतं. ते पाणी जड किंवा खारट असतं, म्हणून पट्टी आधी, चुना नंतर.

आता साधं खत. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माती ओली असताना. गांडूळखत दोन महिन्यांनी मूठभर. एवढं पुरे. मी घातलेलं ते मूठभर दाणेदार खत का चुकलं, ते लोणचं घालणाऱ्या कुणालाही कळेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी परातीत पाणी सुटलेलं असतं आणि फोडी सुरकुतलेल्या असतात. मातीत खताचे क्षार जास्त झाले की मुळांचं हेच होतं, पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर येतं. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी जमली असेल तर खत बंद करा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून जाऊ द्या. चहाचा चोथा, विशेषतः दुधासाखरेचा, कुंडीत टाकू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि त्यावर बारीक काळ्या चिलटांची पैदास होते. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

जे वाचत नाही ते ओळखा

खोड जमिनीलगत काळं, चकचकीत आणि मऊ झालं की ती मूळकुजीची बुरशी वर चढलीय. खालचा भाग गेला असं समजा आणि शेंड्याचा निरोगी तुकडा मिळाला तर तेवढा वाचवा. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा-तपकिरी पाचर पडला आणि झाड माती ओली असूनही माना टाकत असेल, तर तो जिवाणूजन्य रोग. त्याला औषध नाही. मातीसकट पिशवीत बांधून टाका, ती कात्री बाकीच्या झाडांना लावू नका. पानामागे तपकिरी भुकटीच्या चकत्या दिसल्या तर तांबेरा. ती पानं काढा आणि पानं भिजवणं थांबवा.

पावसाळ्यात पानामागे खरखरीत फोड दिसतात, लोंबत्या जातीत जास्त. बरेच जण घाबरतात. हा रोगच नव्हे. हवा दमट असल्यामुळे पानातून पाणी उडत नाही, मुळं मात्र ओल्या मातीतून पाणी पाठवतच राहतात, आणि पेशी फुगून फुटतात. पाणी कमी करा, झालं. पेरांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक टिपा. दोन कुंड्यांसाठी फवारणीचा पंप आणायची गरज नाही.

झाडाऐवजी फांदी जगवा

इतकं करूनही मुंबईत तेच झाड वर्षानुवर्षं भरगच्च राहणं कठीण. खोड लाकडासारखं होतं, खालून उघडं पडतं. म्हणून नोव्हेंबरात शेंडे खुडायचे. वरचं कोवळं टोक नखाने काढलं की खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे येतात. फुलं आठवडा-दोन आठवडे लांबतात, ते सोसायचं.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी, रात्री उकडायला लागण्याआधी, फांद्या लावायच्या. बोटभर लांबीची, फूल नसलेली फांदी पेराच्या किंचित खाली कापायची. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची. कापलेला भाग सावलीत चार-पाच तास वाळू द्यायचा, त्यावर पापुद्रा आला की कूज आत शिरत नाही. मग परलाइट आणि धुतलेलं कोकोपीट निम्मंनिम्मं, ओलसर पण पिळलं तर पाणी न येणारं. बाकीच्या झाडांना झाकतो तशी वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका. आत दमट झालं की जिरेनियमची फांदी दोन दिवसांत काळी पडते. मी गेल्या वर्षी आठ लावल्या, दोन पिशवीखाली. त्याच दोन गेल्या. उरलेल्या सहांना महिनाभरात मुळं आली. चार इंची कुंड्यांत हलवल्या, त्यातली एक काकूंकडे गेली. त्यांनी ती दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आहे आणि मेपासून रोज विचारतात, "अगं, ऊन कुठे गेलं याचं?"

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झोडपायच्या आधी या लहान कुंड्या आतल्या बाजूला, छपराखाली पण उजेडात घ्यायच्या. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी, तेही कुंडी उचलून बघून.